केसरबाईच्या घराची माती

देवळाली प्रवरा
१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. हे बाबांच्या कपाटातलं जुनं पत्र बघून उतरवलंय. चुकलं असंल तर त्या पत्राचं चुकलंय.

मी फोनवर बोलत न्हाई म्हनून तू रुसलास असं आई म्हनली. अरे, आई स्पीकर लावून शेजारी बसती. तिला वाटतंय, फौजेच्या ट्रेनिंगला जायच्या आधी तू केसरबाईला उसात सोडून दिलं. तुजी ती तळहाताएवढी केसाळ कोळीन धान्याच्या कोठीमागं लोनच्याच्या बरनीत बसलीय, हे स्पीकरवर सांगू का?

अडचन अशी की ती लई वाढलीय. पाय तानले की बरनीला दोन्हीकडून लागत्यात. आन् घट बसायच्या आधी आई सगळं घर बाहेर काढून धुनार. कोठी हलली की मग फिनेल हाय न् केसरबाई हाय. तुजी माशांची काचेची पेटी माळ्यावर हाय, पन त्यात काय घालू, हिला कसं हलवू, लवकर कळव. काल तिनं माज्या बोटाकडं बघून पुढचे पाय उगारले. तुज्यावर गेलीय.

लोभ असू दे, पन अजून एखादं जनावर ठेवून तो दाखवू नको.
तुजी ज्ञाना

बेळगाव
६ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानास,
अ. उ. आ. इथं पहाटं चारला उठवत्यात, त्यामुळं आशीर्वाद झोपेतले हायत, सांभाळून घे.

पेटीत चार बोटं माती घाल, जराशी ओली. कोपऱ्यात अर्धी करवंटी पालथी ठेव, तिला लपायला. बाटलीच्या झाकनात पानी. मग बरनी पेटीत आडवी करून उघड आन् रंगाच्या ब्रशानं मागून हळूच ढोस. पळाली तर वरून स्टीलचा पेला पालथा घाल न् खालून पुठ्ठा सरकव. हातात घ्यायची न्हाई, चावती. फुंकायचं तर अजिबात न्हाई, वारा लागला की उधळती.

आता माती. आपल्या उसात, कांद्यात सगळीकडं फवारनी झालीय. तसली घातलीस तर केसरबाई दोन दिसांत आडवी. बिनफवाऱ्याची माती एकाच जागी हाय, शाळंमागं लिंबाखाली. सायन्सच्या धनश्री मॅडमला विचार. नववीनंतर तू त्या फाटकातून गेली न्हाईस, म्हाइत हाय मला. पन मॅडम काय खात न्हाईत. केसरबाई खाती, न् तिला तू झुरळं घालतीस.

लोभ निम्मा माज्यावर ठेव, निम्मा तिच्यावर.
तुजा दादा, हर्षल

देवळाली प्रवरा
१७ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार हाय, पन रागाचा हाय.

मॅडमला विचारायला नको म्हनून रविवारी शाळंच्या भिंतीवरून उडी मारून पिशवीभर माती आनली. चाळली, ढेकळं फोडली, अंगनात ठेवली. आईनं बघितलं न् म्हनली, पोरीनं न सांगता घटाची माती आनली. शेजारच्या लंकाबाईला बोलावून दाखवली. मला जन्मात एवढी शाबासकी मिळाली नव्हती. काय बोलू? माती गेली देवापाशी. आन् त्याच तोंडानं आई म्हनली, बुधवारी कोठी हलवायची.

मंगळवारी शाळंत गेले. फाटकापासून दोनदा परत फिरले. धडा वाचायला उभं केलं की माजा आवाज बसायचा न् पोरं हसायची, ते सगळं आठवलं. पन बुधवार काय थांबनार नव्हता. मॅडमनं विचारलं, माती कशाला. मी खाली बघून म्हनले, कोळ्याला. तर त्या म्हनल्या, केसरबाई बरी हाय का?

दादा, मी नाव सांगितलंच नव्हतं.

त्या म्हनल्या, पेटी न् बरनी इकडंच आन, सायन्सच्या खोलीत हलवू. सायकलवर दोन खेपा केल्या. खोलीत आठवीचा अख्खा वर्ग. ब्रश लावला, तर केसरबाई मातीवर उतरायचं सोडून पेटीच्या काठावर चढली न् तिथून टेबलावर. पोरं बाकांवर. मॅडम खुर्चीवर. एकजन वही उगारून धावला. मग मी वरडले, "गप बसा सगळे. कोनी हलायचं न्हाई, कोनी फुंकायचं न्हाई."

चाळीस पोरं गप बसली. मी पेला घातला, पुठ्ठा सरकवला न् तिला मातीवर सोडलं. ती करवंटीखाली गेली न् एकेक पाय आत ओढून घेतला. मॅडम म्हनल्या, राहू दे इथंच.

घरी बाबांना सहज विचारलं, आपल्यात बिनफवाऱ्याची माती कुठं हाय का. म्हनले, गोठ्यामागं बाभळीखाली आपन जन्मात फवारलं न्हाई. लबाड हायेस तू.

लोभ किती ठेवायचा ते तुजं उत्तर बघून ठरवीन.
ज्ञाना

बेळगाव
२३ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानास,
अ. उ. आ., आज जरा जास्तीचे, कारन मी पकडला गेलोय.

तुजं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मॅडमला फोन केला हुता. बाभळीखालची माती सांगितली असती तर तू शाळंत गेली असतीस का? मॅडम म्हनत्यात, तुजा आवाज पार मैदानापर्यंत गेला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येती, असं बी म्हनल्या. मी काय सांगत न्हाई. दिवाळीला सुट्टी मिळाली की आईला पटवतो न् केसरबाईला घरी आनतो.

लोभ कमी करू नको, इथं तेवढाच गोड हाय.
दादा

देवळाली प्रवरा
३० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. सतरा नंबरचा फॉर्म भरला, आपल्याच शाळंतून. तुज्यासाठी न्हाई न् मॅडमसाठी बी न्हाई. सायन्सच्या खोलीची चावी बाहेरच्या मानसाला देत न्हाईत, आन् केसरबाईला आठवड्यातून दोनदा खायला घालावं लागतं. मग काय करनार?

तिला घरी न्यायचं तू परस्पर ठरवलंस. तिला विचारलं न्हाईस, मला बी न्हाई. पेटीवर आता माजं नाव लावलंय न् आठवीची पोरं मला ताई म्हनत्यात. ती कुठं जानार न्हाई. दिवाळीत तिला बघायचं असंल तर मॅडमच्या नावानं अर्ज लिहून आन. अर्ज आधी माज्याकडं येनार. पुढं पाठवायचा का न्हाई, ते मी बघीन.

लोभ हाय. पन तो बी आता अर्जावरच मिळंल.
ज्ञानेश्वरी