खोडरबर माणूस, अंक दुसरा

८ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नेमकं गुरुवारी आलं. गुरुवारी पुस्तकांच्या दुकानात नव्या अंकांचे गठ्ठे येतात, त्यामुळे त्या दिवशी तुझी आजी घरात कमी आणि कॉमिक्सच्या फळीपाशी जास्त सापडते. शाळेतून निवृत्त झालेली बाई तिथे बसून करते तरी काय, असं तू विचारलंस. तर ऐक. आधी हात धुवायचे. मग सुतळी सोडायची, प्रत्येक अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि चार ओळींची चिठ्ठी लिहून क्लिपने लावायची. टाचणी चालत नाही, भोक पडतं. आईबाप येतात, अंक उलटसुलट करतात आणि मुलांना हा चालेल ना, असं मला विचारतात. मालक म्हणतात की बाईंची चिठ्ठी लवकरच अंकापेक्षा जाड होणार.

या वेळी तुझ्यासाठी दोन अंक पाठवते आहे. ‘वीजवेणी’चा चौदावा अंक अजिबात चुकवू नकोस. यात तिची वीज साठवणारी वेणीच कापली जाते, आणि बिनविजेची ती मुलगी मला नेहमीपेक्षा जास्त शूर वाटली. मारामारी दोनच पानं आहे, तीही ढगांशी. दुसरा आहे ‘आठवा मजला’, पहिलाच अंक. एका इमारतीत म्हातारे झालेले सगळे महावीर राहतात. जो पूर्वी उडायचा तो आता लिफ्टची वाट बघत बसतो. अदृश्य होणाऱ्या आजीबाई चष्म्यासकट अदृश्य होतात आणि मग स्वतःचाच चष्मा शोधत फिरतात, ते पान तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचा अंक आहे. ‘लोखंडी पंजा’ मात्र अजून दोन वर्षं नको. रक्ताचं मला एवढं वाटत नाही, पण त्यात कोणी कधी जेवत नाही, झोपत नाही आणि कोणालाही आई नाही.

बाबाच्या हातातही दे. वाचेल न वाचेल, दे.

खिडकीजवळची खोली झाडून ठेवली आहे. तू आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस आणि फाटकाला लोंबकळून ते वाकवून गेलीस. मी ते अजून सरळ केलेलं नाही. मोठ्या सुट्टीत याल ना?

कळावे. लोभ आहेच, तो पाकिटातून येत राहावा.

तुझी,
आजी

---

१९ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

अंक पोचले. वीजवेणी मी दोनदा वाचली आणि आईने एकदा, पण ती म्हणते की तिने फक्त चाळली. चाळताना कोणी रडत नाही. आठवा मजला आम्ही जेवताना वाचला आणि चष्म्याच्या पानावर आईला ठसका लागला.

बाबाला मी दिला होता. त्याने तो गरम पातेलं उचलावं तसा दोन बोटांनी उचलला आणि माझ्या दप्तरावर ठेवला. म्हणाला की डोळे दुखतात. आजी, तो दिवसभर पाणीखात्यात नळांचे नकाशे काढतो, तेव्हा नाही दुखत. मी त्याला एकदा कुत्रा काढून मागितला तर म्हणाला की त्याला फक्त सरळ रेघा येतात. शेवटी मीच काढला. तो बटाट्यासारखा झाला आहे.

सुट्टीचं विचारलं. त्याने नेहमीसारखं सांगितलं की रजा मिळणं कठीण आहे. त्याच्या ऑफिसातल्या काकांना दर वर्षी मिळते. मी हे बोलून दाखवलं तर आईने डोळे वटारले.

एक तक्रार आहे. आमच्या इथल्या दुकानात प्रत्येक अंकावर तारे लावतात, पाचपैकी किती ते. मग वाचावंच लागत नाही, लगेच कळतं. तू तारे का देत नाहीस? तू तर शिक्षिका होतीस. तुला गुण द्यायला येत असतीलच.

कळावे. लोभ पाठवावा, शक्यतो पंधराव्या अंकासोबत.

तुझी,
खारूताई

---

२९ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पंधरावा अंक यायला अवकाश आहे. तोवर ‘आठवा मजला’चा दुसरा अंक पाठवते. यात लिफ्ट बंद पडते आणि सगळ्यांना जिने चढावे लागतात. एवढीच गोष्ट आहे, पण मी सबंध दुपार हसत होते.

ताऱ्यांचं मालकांनीही एकदा सुचवलं होतं. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. तुला सांगते.

तुझा बाबा दहा वर्षांचा असताना एका सुट्टीत तो जेवायच्या टेबलाखाली पालथा पडून सारखं काहीतरी काढत असायचा. मी डोकावले की अंगाखाली लपवायचा. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि एके दिवशी मी वह्या तपासत बसले होते. चाळीसेक वह्यांचा गठ्ठा होता. मधेच एक हाताने शिवलेला अंक निघाला, ‘खोडरबर माणूस, अंक पहिला’. त्याने तो मला गंमत म्हणून गठ्ठ्यात सरकवला होता.

फार छान होता गं. खोडरबर माणूस कुलपं खोडतो, भिंती खोडतो, दरोडेखोराच्या मिशा खोडतो. शेवटी शत्रू मागावर असतो म्हणून तो स्वतःच्या पावलांचे ठसे खोडत पळतो, आणि घाईघाईत खोडता खोडता त्याचे पायच खोडले जातात. उंच पाण्याच्या टाकीवर तो बिनपायांचा बसलेला, आणि खाली लिहिलेलं, क्रमशः.

मी हसले. ते मला आठवतं. पण हातात लाल पेन होतं आणि मागे चाळीस वह्यांची सवय. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर समास न सोडलेली वही आणि अर्धं सोडलेलं उत्तर टेबलावरून सरळ परत ढकलायच्या. पुढे मीही तशीच झाले. मी शेवटच्या पानावर लिहिलं, ‘समास सोडलेला नाही. कथा अपूर्ण. दहापैकी सहा.’ सकाळी तो अंक त्याच्या दुधाच्या पेल्याजवळ ठेवला.

त्याने तो पाहिला, दूध संपवलं, शाळेत गेला. त्यानंतर टेबलाखाली कधी बसला नाही. मला वाटलं, चला, अभ्यासाला लागला.

मी कॉमिक्स लहानपणी एकच वाचलं होतं, प्रार्थनेच्या पुस्तकात लपवून, आणि तेही अर्ध्यात जप्त झालं. त्यामुळे क्रमशः म्हणजे काय, हे मला या दुकानात बसल्यावर कळलं. एका गुरुवारी मी एक अंक मिटला आणि पुढचं जाणून घ्यायला महिनाभर थांबायचं या विचाराने माझा जीव थोडा थोडा झाला. तेव्हा तो टाकीवरचा माणूस आठवला. मी त्याला अपूर्ण म्हटलं होतं. तो तर मला, थांब, पुढे आहे, असं सांगत होता.

तो अंक माझ्याकडे आहे. त्याने कचऱ्यात टाकलेला मी उचलून ठेवला. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

कळावे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी

---

७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

सहा? आजी, सहा?

मी चिडले होते म्हणून दोन दिवस पत्र लिहिलं नाही. आता कमी चिडले आहे. मी बाबाला काही बोललेले नाही, आईलाही नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, तर लवकर काहीतरी कर.

तो अंक पाठव. मला नको, त्याला पाठव. त्याच्या नावाने, आणि सोबत चिठ्ठी लिही. तू अनोळखी लोकांच्या मुलांसाठी चिठ्ठ्या लिहितेस. आणि टाकीवर तो माणूस अजून बसलेला आहे. त्याला भूक लागली असेल.

कळावे. लोभ आहे, पण रागावलेला आहे.

तुझी,
खारूताई

---

१२ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत तुझी वस्तू परत पाठवते आहे. तीस वर्षं माझ्या कपाटात होती.

त्यावर मी जे लिहिलं ते चूक होतं. तेव्हा मला अंक वाचता येत नव्हता, फक्त वह्या तपासता येत होत्या. ते पान आता फाडून टाकावं असं मनात आलं, पण पलीकडच्या बाजूला दरोडेखोराची मिशी आहे, आणि ती फार सुंदर आहे.

रोज फोनवर तू माझी औषधं विचारतोस, मी तुझी रजा विचारते. दोघंही ठरलेलं उत्तर देतो. आज एवढंच विचारते की पुढे काय झालं? टाकीवरून तो खाली कसा उतरला? उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. अंक उशिरा येतात, हे मला आता माहीत आहे.

कळावे. लोभाचा अधिकार सांगत नाही, आशा मात्र सोडलेली नाही.

तुझी,
आई

---

२४ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पाकीट आलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

बाबा ऑफिसातून आला आणि त्याने खांद्यावरची बॅग न उतरवताच ते उघडलं. आई त्याला बस म्हणाली, तो बसला नाही. उभ्यानेच वाचलं. शेवटच्या पानाशी इतका वेळ थांबला की चहावर साय आली. मग हसला आणि आईला म्हणाला की सहा म्हणजे आईने तसे बरेच दिले, हात किती वाईट काढले होते. पण आजी, ते हसणं तोंडापुरतंच होतं. मग तो बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसला. ते सकाळीच काढून झाले होते.

सुट्टीचं मी विचारलं नाही. तू कौतुक करशील असं वाटलं, म्हणून सांगते.

अंक त्याने टाकला नाही. त्याच्या बॅगेत आहे. मी पाहिला. त्याने तुझी लाल शाई खोडरबराने खोडायचा प्रयत्न केला आहे. शाई तशीच आहे, कागद मात्र झिजून पातळ झाला आहे.

काल त्याने मला विचारलं की पाय नसलेल्या माणसाने काय करावं. मी चाकं सुचवली. त्याने विचार केला आणि म्हणाला की टाकीला जिना आहे, चाकं चालणार नाहीत. त्याच्या ऑफिसातल्या टाक्यांना जिने असतात, त्यामुळे त्याला माहीत असतं.

तुझ्या चिठ्ठीबद्दल तो काहीच बोलला नाही. तू वाट बघत असशील. मीपण बघते आहे.

कळावे. लोभ पूर्वीसारखा केला आहे.

तुझी,
खारूताई

---

२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शाई जात नाही. असो.

सहा गुणांचा मला राग होता असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. चाळिशीच्या माणसाने असा राग धरला तर लोक हसतील. पण त्यानंतर मी तुला काहीही दाखवलं, नोकरी, घर, माझी मुलगी, की तुझा हात पेनाकडे जातो का इकडेच माझं लक्ष असायचं. तो गेला की नाही, हेही आता आठवत नाही. मग मी दाखवणंच कमी केलं. आपले बाबा वारल्यावर चार दिवसांसाठी आलो होतो, तेव्हाही तू काही म्हणायच्या आत निघालो. रजेचं कारण खरं नव्हतं.

सोबत अंक दुसरा. रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर काढला. टेबलाखाली आता मावत नाही. रंग तुझ्या नातीचे आहेत, आणि कुत्राही तिचाच आहे. तो बटाटा नाही, एवढं सांगायला तिने बजावलं आहे. हात अजूनही वाईटच जमलेत.

तिसरा अंक टपालाने पाठवणार नाही. आम्ही तिघं वीस एप्रिलला दुपारच्या गाडीने येतो आहोत. रजा मागितली, लगेच मिळाली. साहेबांनी विचारलं की एवढी वर्षं का नाही घेतली.

कळावे. लोभ होताच, दाखवायचा राहिला.

तुझा,
बाळ

---

२८ मार्च

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अंक गुरुवारी आला. दुकानातल्या गठ्ठ्याला त्या दिवशी मी दुपारपर्यंत हात लावला नाही.

हात धुतले आणि उघडला. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेला समास पाहिला आणि वाटलं, अजूनही हा माझ्या धाकाने समास सोडतो आहे. अंक मिटून पाणी प्यायले. मग पुन्हा उघडला. टाकीवर बसून तो भोवतालचं सगळं खोडतो, टाकी, जिना, आकाश, आणि चौकटीत पाय काढले तरी टेकायला जागाच उरत नाही. तेव्हा तो कडेला पाहतो. समास कोरा आहे. तो तिथे सरकतो, पेन्सिलीने स्वतःला दोन पाय काढतो आणि समासातून चालू लागतो. चौकटींत शत्रू त्याला शोधताहेत, आणि हा कडेकडेने, पानामागून पान, कुत्र्याला घेऊन निघाला आहे. शेवटी दार आलं. आपलंच दार, आणि पुढे वाकलेलं फाटक. फाटक अजून तसंच आहे, हे तुला खारूताईने सांगितलं असणार.

मालकांनी माझ्या मागे उभं राहून वाचला. शेवटी त्यांनी नाक ओढलं आणि निदान याला तरी तारे द्या म्हणाले. मी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली. ती सोबत आहे. काळ्या शाईत आहे. घरातली लाल पेनं शोधून पाहिली, एकही उरलेलं नाही.

कळावे. लोभ घेऊन या, बाकी सामान कमी आणा.

तुझी,
आई

(सोबतची चिठ्ठी)

खोडरबर माणूस, अंक दुसरा. चित्रं बापाची, रंग लेकीचे. सगळ्या वयांना चालेल. मारामारी नाही. हात उत्तम जमले आहेत. विक्रीसाठी नाही. वाचकाने या अंकासाठी तीस वर्षं वाट पाहिली. पुढच्यासाठी आणखी तेवीस दिवस पाहील.