बेकरीसमोरची रांग

लाइपझिग, ९ फेब्रुवारी १९५३

सापडलं एकदाचं! आम्ही छापतोय त्या शाळेच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिसऱ्या धड्याला चित्रच मिळत नव्हतं. ‘धान्याचे भाव मोकळे सोडा, सगळं आपोआप ठीक होईल’ म्हणणाऱ्या जुन्या फ्रेंच पंडितांचा धडा. दाखवायचं तरी काय? पंडितांचे टोप? शेवटी पॅरिसचं एक जुनं चित्र हाती लागलं — बेकरी बंद, दारात बायकांची ही लांब रांग! आमचे विभागप्रमुख रीडेलसाहेब खूश. “वा! विचारही कळतो, त्याचं फळही दिसतं.” नियमाप्रमाणे चित्राच्या मागे निवडणाऱ्याची सही. म्हणजे माझी. एकटीची.

११ फेब्रुवारी

आईला नमुन्याचं पान दाखवलं. ती लोण्याच्या रांगेतून नुकतीच हात हलवत परतलेली. चष्मा लावून म्हणते, “अगं, ही तर आमचीच रांग! ती पिशवीवाली मीच की!”

हसता हसता मी पान पटकन उलटं ठेवलं.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. चित्र बदला म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. आणि असलं मला सुचलंच कसं, हे त्याहून वाईट! गेल्या वर्षी नकाशे काढणाऱ्याला असंच ‘जरा बोलायला’ म्हणून नेलं. त्याची खुर्ची अजून रिकामी आहे.

शेजारच्या टेबलावरच्या हेडविगला हळूच विचारलं. “गप्प बस गं. तू दाखवलं नाहीस तर कुणाला दिसणार नाही.” किती धीर आला! मैत्रीण असावी तर अशी.

१६ फेब्रुवारी

उद्या छपाईची परवानगी द्यायला पक्षाकडून कॉम्रेड ल्योफ्लर येणार. मला नेलं तर आईला कोण बघणार?

१७ फेब्रुवारी

आले. पानं उलटली. रांगेपाशी थांबले. मग म्हणतात, “बिचाऱ्या! पण आपल्यापेक्षा आखूडच होती की रांग!” आणि स्वतःच खो खो हसले. मीही हसले — सुटले म्हणून हसले, दुसरं काही नाही! रीडेलसाहेब खिडकीबाहेर बघत होते. हेडविग मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होती.

शिक्का बसला. घरी आईला मिठी मारली आणि बटाट्याचं सूप पोटभर प्यायले.

१९ फेब्रुवारी

वर पक्षाच्या कचेरीत बोलावलं. चित्राचं नावही नाही! फक्त एकच प्रश्न — “ल्योफ्लर ते बोलले, तेव्हा कोण कोण हसलं?” उत्तराची वाट न बघता तेच म्हणाले, “असू दे. तुमच्या मैत्रिणीनं सांगितलंय. एकट्या तुम्हीच.”

उद्या सकाळी ‘जरा बोलायला’ जायचंय. आईला अजून सांगितलं नाही. ती लोण्याच्या रांगेत आहे.