पक्क्यांच्या यादीत

२७ सप्टें., सोम.
सकाळी माझ्या एसटीडी बूथवर फोन. "नमस्कार, मी तुमचा भीमराव बोलतोय." म्हटलं, "भीम्या, लई दिवसांनी आठवण आली बे! ये चहाला. संध्याकाळची बीड-तेलगाव एसटी बंद केलीय, कॉलेजच्या पोरी..." तो आपला बोलतच सुटला. विकास, निशाणी, बटण. मग खट्. टेप होती.
आवाजावरून माणूस ओळखणारा मी, टेपेला चहाला बोलावून बसलो. दुकानात कुणी नव्हतं ते बरं. तसं हल्ली कुणी नसतंच. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल.

२९ सप्टें.
चौकात विचारलं. टेप सगळ्यांनाच आलती.
भीम्याच्या पहिल्या इलेक्शनला दोघांत एकच सायकल. मी पायडल मारायचो, हा मागं भोंगा धरून. तेव्हापासून फॉर्म भरला की पहिला चहा माझ्याकडं. यंदा फॉर्म कधीचा भरलाय. दूध रोज जास्त घेतो, रोज उरतं.

१ ऑक्टो.
प्रचार कार्यालयात गेलतो. कॉम्प्युटरवर आमच्या गल्लीतली सुनीता. म्हटलं, भीमराव माझ्याकडं कावून आला न्हाई, बघ तुझ्या डब्यात. हसली.
"अप्पा, तुमी पक्क्या मतांत हाय. साहेब कच्च्यांकडं जातेत. पक्क्यांना टेप."
"आन् पक्क्याचं काही काम असलं तर?"
"तसा कॉलम न्हाई, अप्पा."

५ ऑक्टो., मंगळ.
दुपारभर विरोधकांच्या मंडपात. चहा पाणचट. एकजण म्हणाला, "मन्मथअप्पा, वाट चुकले का?" हसलो. त्यांनी गळ्यात त्यांच्या पक्षाचं उपरणं घातलं, राहू दिलं. सुनीता रस्त्यानं गेली, तिनं बघितलं. बघावं म्हणूनच तर.
रात्री जेवण गेलं नाही.

७ ऑक्टो.
आला! गाड्यांची रांग. खुर्चीच्या काठावर बसला, हात जोडून. "अप्पा, काही चुकलं का आमचं?"
अप्पा. आयुष्यभर मन्मथ्या म्हणत आला.
एसटीचं सांगितलं. तिथूनच मोबाईल लावला कुणाला तरी. काम चुटकीसरशी. चहा नुसता ओठाला लावला. म्हटलं, "भीम्या, बस की जरा." "निवांत येतो अप्पा. लक्ष असू द्या."
इतक्या लोकांसमोर भीम्या म्हणायला नको होतं का...

९ ऑक्टो.
संध्याकाळी एसटी आली. पोरी हसत उतरल्या. कुणामुळं सुरू झाली, कुणाला ठाऊक नाही. सांगायला कुणी हवं होतं. बायको असती तर तिला सांगितलं असतं.
सुनीता विचारून गेली, "अप्पा, पक्क्यांत घेऊ का परत?" पक्का झालो तर गाडी किती दिवस टिकंल? कच्चा राहिलो तर भीम्या असाच हात जोडून येत राहणार. म्हटलं, उद्या सांगतो.

१३ ऑक्टो., मतदान
बटण दाबलं, मशीन लांब ओरडलं. कुणाचं दाबलं ते इथंही लिहीत नाही.
बाहेर वळणावर त्याची गाडी. काच खाली घेतली. "झालं का अप्पा?"
मान हलवली. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. काय केलं असंल, शोधत होता. किती वर्षांनी असं धड बघितलं त्यानं माझ्याकडं. केस फार पांढरे झालेत त्याचे.
सांगितलं नाही. बघू दे म्हटलं अजून जरा वेळ.