गीझरची नाडीपरीक्षा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे ऐकून बरे वाटले. इकडे सगळे ठीक आहे असे लिहिणार होतो, पण अंगाला साबण लागलेल्या माणसाने इतके खोटे बोलू नये. (होय, पंचा गुंडाळूनच लिहितो आहे. पाणी पुन्हा गार आले.)

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले खरे, पण खुर्चीतसुद्धा पाहुण्यासारखे टेकायचे आणि दिवसाआड म्हणायचे, "मी आपला घरी जातो." त्या रिकाम्या घरात एकटे काय करणार, या विचाराने माझा जीव टांगणीला. अशात बाल्कनीतला गॅस गीझर रुसला. नळ सोडला की नुसता टकटक वाजे. पेटलाच तर ऐन साबणाच्या वेळी विझे. बाबा उठले. आपणहून उठले, ताई. सिलिंडर हलवून पाहिला, पाण्याच्या वाटेवरची जाळी काढून दातांच्या ब्रशने घासली (ब्रश माझा, चालू वापरातला), ज्योत पिवळी दिसली म्हणून सगळ्यांच्या आंघोळी बंद करून टाकल्या. आंघोळीविना ऑफिसला जावे लागल्यावर तुझ्या वहिनीचा धीर सुटला आणि तिने मेकॅनिकला बोलावले. त्याने बर्नर साफ केला, ठिणगी पाडणारे सेल नवे घातले आणि चहाही न घेता गेला. ज्योत निळीशार. बाबा पुन्हा खुर्चीत. संध्याकाळी पाहतो तर पलंगावर त्यांची बॅग, आणि आत घडी केलेले कपडे.

दुसऱ्या सकाळी गीझर टकटकसुद्धा करेना. बाबांनी बॅग पलंगाखाली सरकवली आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. तेव्हापासून घरात त्यांचे राज्य आहे. ते बाल्कनीत, मी बाथरूममध्ये, आणि भिंतीपलीकडून हुकूम: "नळ अर्धा कर. आता पूर्ण सोड. अरे, बंद कोणी करायला सांगितला?" मी या पायावरून त्या पायावर नाचतो आहे, वहिनी शेगडीवर पातेली चढवते आहे आणि मेकॅनिकचे नाव काढायची कोणाची टाप नाही. बाबा मात्र दोन घास जास्त जेवतात. बघ, पुन्हा हाक आली, जातो.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
कुडकुडणारा धाकटा

ता. क. वाचून लगेच फाड. गीझरचे सेल माझ्या टेबलाच्या खणात आहेत. नवेच आहेत म्हणून बाबांनी गीझरखालचा सेलचा डबा अजून उघडलेला नाही, पण आज ना उद्या उघडतीलच. भावोजींना विचारून कळव, सेलनंतर बिघडवायला निर्धोक असे काय असते? गॅसच्या वाटेला मी जाणार नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, "ताईला लिही, मी एवढ्यात जात नाही. आणि ते सेल खणात किल्ल्यांजवळ ठेवू नकोस, उतरतात."