व्हर्लिनमामांच्या ट्रकचं बटण

तीर्थरूप व्हर्लिनमामा यांस,

नेब्रास्काहून भाचा डेल्विनचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार लांबूनच. पुढचं वाचल्यावर तुमच्या काठीच्या टप्प्यात असणं बरं नाही.) तब्येत कशी आहे? गोळ्या वेळेवर घेता ना?

इकडे काळजीनं मला घास गोड लागत नाही. सोमवारी शहीददिनाची मिरवणूक, तुमचा लष्करी ट्रक सगळ्यात पुढे, आणि तुम्ही अजून 'येतो' म्हणालेला नाहीत. त्यात ट्रक माझ्या हवाली करताना 'एक स्क्रूही बदललास तर याद राख' असा दम दिला होतात, आणि मी दिव्यांचं अख्खं बटणच बदललंय. ओरडू नका, आधी ऐका.

जुनं बटण म्हणजे तीन दांड्यांचं प्रकरण. एका हातानं कुलपाची दांडी दाबून धरायची, दुसऱ्यानं मोठी फिरवायची, तेव्हा खटकन दिवा लागणार. एक घर चुकलं की ट्रक थेट युद्धावर: पुढे मिणमिणता उजेड आणि मागे ब्रेकची लाल बत्ती गुल. मी रविवारी तसाच भर गावातून गेलो. पोलिसातल्या डेप्युटी रॉलीनं अडवलं. म्हटलं, "शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून सोय आहे ती." तो म्हणाला, "शत्रू कुठला रे? तुझ्या मागे चर्चची बस होती, ती थोडक्यात वाचली!"

म्हणून नवं इलेक्ट्रॉनिक बसवलं. एका अंगठ्यावर चालतं, पण त्याला खटका नाही, आणि खटक्याशिवाय माझा दिव्यावर विश्वास बसत नाही. बायकोला ट्रकमागे उभी करून मी सारखा विचारतो, "लागली? अजून आहे?" परवा आर्लिस भडकली, "त्या बत्तीशीच लग्न करायचं होतंत!" भर मिरवणुकीत ते बंद पडलं तर? जुनं कधी रुसलं नव्हतं, हे कबूल.

राग गिळा, पण या.

तुमचा घाबरट भाचा,
डेल्विन

ता. क. जुनं बटण फडक्यात गुंडाळून ठेवलंय. म्हणाल तर परत बसवतो.

ता. क. आणखी एक. रॉलीचं नुसतं निमित्त. मामी फोनवर सांगत होत्या, झटका आल्यापासून तुमचा डावा हात ऐकत नाही, आणि तुम्ही म्हणता, "जिची बत्ती मला लावता येत नाही त्या गाडीत टोपी हलवत बसायला मी काय नवरदेव आहे?" मामा, मिरवणूक पहिल्या गिअरमध्ये रांगत जाते. ट्रक तुम्हीच चालवायचा. स्टिअरिंग जड आहे, तेवढ्यापुरता दुसरा हात माझा.