खोडलेल्या ओळी आणि आबाजींचा चष्मा

बारामती, बुधवार

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांच्या चरणी भाचा नागेश याचा दंडवत. मामींचा गुडघा, तांबडी गाय आणि तुमचं बी.पी. तिन्ही ताळ्यावर असतील, असं धरून चालतो. माझं म्हणाल तर (इथं थोडं खोडलंय, तिकडं बघू नका) मी मजेत आहे. फोन केला नाही, कारण तुमचा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मामा, माझी अब्रू गेली, आणि तीही एकेका अक्षरानं.

कळस गावचे आबाजी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. त्यांची नात सुकन्या माझ्या वर्गातली (लगेच मामींना हाक मारू नका). कँटीनमध्ये मी तिच्यासमोर एकाची कॉलर धरली, तेव्हापासून तिनं मला फोनवर ब्लॉक केलंय. राहिला एकच रस्ता, आबाजींचा कॉम्प्युटरवरचा फलक. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी लोक फोनच्या तारेवरून असल्या फलकावर निरोप ठेवायचे. आबाजींनी हौसेनं तो अजून चालू ठेवलाय आणि सुकन्या रोज तिथं डोकावते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसला काम नाही. आपल्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम टाकायचा, तो लॅपटॉपला सांगतो, बाबा, आता तू तीस वर्षांपूर्वीचं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, आहेस असं वाग. आणि लॅपटॉप निमूट ऐकतो (आपल्या खानदानात एवढं कुणी कुणाचं ऐकलेलं नाही).

तिथं निरोप लिहायचा एडिटरही तसलाच. एका वेळी एक ओळ, एंटर दाबलं की मागं फिरणं नाही. म्हणून रविवारी दुपारी मी एंटर न दाबता लिहीत होतो आणि खोडत होतो. ‘सुकन्या, चुकलो.’ खोडलं. ‘पण तो पुन्हा दिसला तर पुन्हा धरीन.’ खोडलं. ‘तुझे आजोबा लई खडूस हायत.’ खोडलं. ‘तुझ्याशिवाय करमत न्हाय.’ हे चारदा लिहून चारदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं, ‘कळसला लाइट आहे का?’ (लाइट नसती तर फलकच बंद असता, हे मागनं सुचलं.)

एंटर दाबणार तोच माझ्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. ‘नागेशराव, खोडू नका. चष्मा लावूनच बसलोय.’

मामा, फलक ज्याचा, त्याच्या पडद्यावर आपण दाबू ते अक्षर न अक्षर त्याच क्षणी दिसतं, खोडताना सुद्धा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी त्यांच्या मंडळी प्रयागबाई चहा घेत बसलेल्या. त्यांचं मतही आबाजींनी टाइप करून कळवलं, ‘ह्यो लिवतोय वंगाळ, पर खोडतोय झ्याक.’ मी लॅपटॉप मिटला आणि पांघरूण घेऊन पडलो. भर उकाड्यात.

मामींना नमस्कार.

आपला तोंड लपवून बसलेला,
नागेश

ता.क. आबाजींनी वाचलेली एक ओळ वर लिहिली नाही. ‘दिवाळीपासून कॉलेज सोडलंय आणि मामांना वाटतंय मी रोज जातोय.’ तुम्ही कॉलेजच्या सरांकडं शब्द टाकून मला प्रवेश मिळवून दिला होता. त्यावर, मी लॅपटॉप मिटायच्या आधीच, आबाजींनी टाइप केलं, आधी मामांना सांगा, मग त्यांना घेऊन रविवारी कळसला या, सुकन्या समोर बसेल, काय ते बोला.

ता.क. दुसरा. तर रविवारी याल का? त्याआधी शनिवारी कॉलेजात यावं लागेल. परत घ्यायच्या अर्जावर पालकाची सही लागते. मारायचं असेल तर शनिवारीच मारा, रविवारी गाल सुजलेला नको.

ता.क. तिसरा. पत्र उजेडाकडं धरून वाचू नका. आणि धरलंच, तर ‘मी मजेत आहे’च्या आधी जे खोडलंय, तेच खरं.