बोर्डावरची बाई

अप्पा, मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं तर फार लांबून सुरुवात करावी लागणार नाही. मीही बाया-माणसं रंगवते. तुम्ही टॉकीजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापड ताणून पिच्चरचे बोर्ड रंगवायचात, मी हैदराबादला एका कचेरीत खुर्चीवर बसून काचेच्या पाटीवर रंगवते. हात मात्र खराब होत नाहीत. घासलेटानं पुसूनही न जाणारा तो निळा रंग तुमच्या नखांत कायम असायचा, माझी नखं स्वच्छ असतात, आणि माय अजून म्हणते, "हिचं कसलं रंगकाम, हात बगा की हिचे, मास्तरनीवानी." व्हिडिओ गेम म्हटलं की तुम्हाला हुमनाबादच्या बस स्टँडमागचं ते अंधारं दुकान आठवेल. आत पोरं खटाखट बटणं दाबत पडद्यावरच्या माणसांना बुकलत असायची आणि तुम्ही माझा हात धरून लगबगीनं पुढं जायचात. मारामारी अजून आहे, आमच्या धंद्याचं पोट तिच्यावरच चालतं. पण आता काही गेम पिच्चरसारखे असतात. फरक इतकाच की त्यातलं माणूस कुणीकडं जाईल, कुणाला सोबत नेईल आणि कुणाला मागं ठेवील हे बघणाऱ्यानं ठरवायचं. एकदा ठरवलं की ते निस्तरायचंही त्यानंच.

तुमचं काम मला पाठ होतं. टॉकीजचे मालक तळहाताएवढा फोटो आणून द्यायचे. त्यावर तुम्ही पेन्सिलीनं चौकटी आखायचात, तितक्याच चौकटी खडूनं कापडावर, आणि मग एकेक चौकट मोठी करत न्यायचात. शाळेतून यावं तर कापडावर कधी नुसता कान, कधी नुसता बांगड्यांचा हात. चेहरा सगळ्यात शेवटी. मालक घरी कन्नड बोलायचे आणि टॉकीजमध्ये दखनी. ते शेडच्या दारात उभे आहेत, कापडाकडं मान तिरकी करून बघतायत. "पेंटरसाब, पल्लू थोडा नीचे लो ना. ऐसे में कौन आता?" तुम्ही "हौ साब" म्हणता आणि त्या एका चौकटीपुरतं फोटोकडं न बघता रंगवता. फोटोत ते नसतंच. मी शेजारी डबा धरून उभी असते. फोटोत तर असं नाही, असं मी म्हणते, तेव्हा तुम्ही चिडत नाही, ब्रश पुसत समजावता, "बोर्ड येगळा आन पिच्चर येगळं, बाळा. बोर्ड भायेरच्यासाठी असतोय." मला ते तेव्हा पटलं होतं. तुमचं सगळंच पटायचं.

मग ते पिच्चर आलं. नवरा सोडून गेल्यावर भाजी विकून लेकीला वाढवणाऱ्या बाईचं. मावशीनं ते उदगीरला बघितलं होतं आणि मायला बजावून गेली होती की एवढं एक बघच. माय पिच्चरला जाणारी नव्हती, पण ह्यासाठी तिनं चांगलं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. त्या पिच्चरमध्ये एका जागी ती बाई ओढ्यावर अंग धुते. पाठ दिसते न दिसते तोवर ते संपतंही. मालकांनी नेमकं तेवढंच उचललं, आणि तुम्ही ते टॉकीजच्या दारावर जाईल एवढं मोठं केलंत, वर तुमच्या पदरचं आणखी थोडं घालून. माय मला घेऊन निघाली, चौकापर्यंत आली, मान वर केली आणि तिथूनच परत फिरली. रात्री ती तुम्हाला ताट वाढत होती तेव्हा बोलली. आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"पिच्चर माझ्यासारख्या बाईचं हाय म्हनतेत. आन तुमच्या बोर्डानं मलाच भायेर ठिवलं."

"तुला कोन अडवायलंय? जा की."

"त्या बाईच्या खालून जाऊ? बाजार बगायलाय. म्हनतील, बोर्डावरची बी तसलीच आन आत जानारी बी तसलीच."

"मालकानं सांगितलं तसं केलो."

"ब्रश मालकाच्या हातात व्हता का?"

तुम्ही पुढं जेवला नाहीत, पण उठलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्हा दोघींना मागच्या लोखंडी जिन्यानं मशीनच्या खोलीत घेऊन गेलात. आत भट्टीसारखं गरम. ऑपरेटरनं मायला स्टूल दिलं आणि स्वतः दाराशी जाऊन विडी ओढत उभा राहिला. पडदा बघायला त्याच्यासाठी भिंतीत एक छोटं भोक होतं, पाटीएवढं. माय त्याला डोळा लावून बसली. मधेच मला उचलून दाखवायची, मग मला खाली ठेवून पुन्हा स्वतः बघायची, आणि मशीनच्या आवाजात मोठ्यानं सांगायची की आता लेक शाळेला गेली, आता ती ताप येऊन पडली. ती रडली तेही तिथंच, तोंडात पदर धरून. खाली बायकांची बाकं रिकामी होती. पुढच्या बाकांवर माणसं मात्र खच्चून होती आणि ओढ्याची जागा येऊन गेल्यावर ती ओरडायला लागली, एकानं बाकच मोडलं. त्यांना बोर्डावरची बाई पाहिजे होती आणि ती आत नव्हती. पिच्चर आठवडाभरही टिकलं नाही.

त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. आता तितका वाटत नाही, आणि रागही येत नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी वाटतं. तुम्ही मायला आत नेलंत. बोर्ड होता तसाच राहिला. हुमनाबादच्या बाकीच्या बायांचे नवरे पेंटर नव्हते. पुढं छापील बोर्ड आले, तुम्ही हायवेला लॉऱ्यांवर कमळं आणि मोर काढायला लागलात, आणि दम्यानं तुम्हाला नेलं तेव्हा टॉकीजही बंद पडत आली होती. हे बोलणं आपलं कधी झालंच नाही. मला तेव्हा बोलायला सुचलंही नसतं.

आता आमच्या गेमचं सांगते. एक बाई आहे, उतारवयाकडं झुकलेली, नुकता नवरा गेलेला. तिच्यामागं मेंढरं आहेत आणि तिला पाण्यापर्यंत पोचायचं आहे. माळ आपला आहे, बीदरकडचा, तांबड्या दगडाचा, मी सुट्टीत फिरून फिरून त्याची चित्रं काढून आणली. तिच्याकडं काठी आहे, खांद्यावर घोंगडी आहे, बाकी काही नाही. ती कुणाला मारत नाही. एका ठिकाणी नुकतीच व्यालेली मेंढी मरते आणि तिचं कोकरू राहतं. ते उचलून न्यायचं तर चाल मंदावते आणि बाकीची मेंढरं तहानेनं पडायला लागतात. ठेवून जायचं तर जाता येतं, कुणी अडवत नाही, फक्त ते बराच वेळ मागून ओरडत राहतं. आमच्या कचेरीतल्या एका तरण्याताठ्या मुलानं पहिल्यांदा तो खेळून बघितला, कोकराला ठेवून पुढं गेला, मग सगळं बंद करून बाहेर जिन्यात जाऊन बसला आणि घरी फोन लावला. मला त्या दिवशी वाटलं, झालं, आपला धंदा आता मिसरूड फुटायच्या पुढं गेला. आमच्याकडंही 'फक्त मोठ्यांसाठी' असा शिक्का असतो, तुमच्या बोर्डाच्या कोपऱ्यात गोलातला ए असायचा तसाच. तो रक्त आणि उघडं अंग बघून मारतात. कोकरू मागं ठेवल्यावर पोटात जे तुटतं त्याला काही शिक्का नाही, आणि खरं म्हणजे मोठं माणूस लागतं ते त्याला.

जाहिरातीचं बघणारी मुलगी आमच्याच बाजूची, आळंदजवळच्या खेड्यातली. गुणी आहे, मला अक्का म्हणते. तिनं मला चहाला नेलं आणि सांगितलं की बाई जरा तरणी करायची, घोंगडी काढायची, कंबर दिसली पाहिजे, ओल्या अंगानं ती पाण्यातून वर येतेय असं पाहिजे. फक्त जाहिरातीपुरतं.

"गेममध्ये असं कुठं हाय?" मी विचारलं.

"न्हाई की. जाहिरात येगळी असतीय, अक्का. लोकाचं फोनवरचं बोट आदी थांबाया पायजे. आत आल्यावर कळंल की त्यांना."

मी चहाचा कप खाली ठेवला. तिला वाटलं मला राग आला, म्हणून घाईनं म्हणाली, "मला बी आवडायलंय असं न्हाई. पन मागचा गेम बुडाला. ह्यो बी बुडाला तर आपन समदेच घरी. तुमच्या आईला दाखवायचाय म्हनता ना, तर तुमी लॅपटॉपवर दाखवा की, तिला कशाला जाहिरात पायजे?"

ती चुकीचं बोलत नव्हती. आमच्यात नव्यानं संसार मांडलेली पोरं आहेत, तिचा स्वतःचा भाऊ शिकतोय. मी आधी कोकराची जाहिरात करून दिली. ती कुणी बघितली नाही, लोक सरळ पुढं सरकले. मग पुन्हा तोच विषय निघाला आणि मी सांगितलं की मी हे काढणार नाही. मोठ्या आवाजात नाही, तमाशा नको होता मला. कचेरीतले वरचे लोक म्हणाले, बरं. आणि इथं तुमच्या-माझ्या धंद्यातला फरक ऐका अप्पा. तुम्ही नाही म्हटलं असतं तर मालकांना निदान बीदरहून दुसरा पेंटर आणावा लागला असता. आमच्याकडं कॉम्प्युटरात एकदा बाई घडवून ठेवली की तिला कुणीही हलवू शकतं. हात वर करायला लावा, घोंगडी काढा, वय उतरवा. माझ्या नकारानं कुणाचं काही अडलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झालंसुद्धा. चेहरा माझाच, मी रंगवलेला, त्याखाली अंग दुसऱ्या कुणाचं तरी.

गेम चालला. फार नाही, पण नोकऱ्या राहिल्या. इंटरनेटवर गेमच्या खाली लोक लिहितात, त्यात एकानं लिहिलं होतं, फसवलं, बाई कुठाय. सगळा वेळ ती बाईच त्याच्या हातात होती की. मला हसू आलं आणि मग बराच वेळ काही करावंसं वाटलं नाही. बायांनी किती खेळला असेल ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. मला एकाच बाईचं पडलं होतं, मायचं. तिनं तो खेळावा, कोकराचं काय करते ते मला बघायचं होतं, कारण तिच्या माहेरची मेंढरं तिनं स्वतः राखलेली आहेत आणि तिच्याइतकं ते ठरवायला लायक माणूस मला दुसरं माहीत नाही. तेवढ्यासाठी मी दोन दिवसांची रजा काढून हुमनाबादला गेले.

दुपारची वेळ आहे. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलीय, फोन पितळी तांब्याला टेकवून ठेवलाय आणि त्यावर भजन चालू आहे. मी चहा घेऊन तिच्याशेजारी बसते, लॅपटॉपची बॅग उघडणार एवढ्यात भजन थांबतं आणि ती जाहिरात लागते. पाण्यातून ती वर येते, मागं मेंढरं. एरवी माय असलं काही आलं की बोटानं झटकून टाकते. आज तिचे हात शेंगांच्या चिकानं भरलेले, म्हणून ती नुसती बघते.

"काय गं बाई ही," ती म्हणते. "मेंढरामागं असं जातेत का कोन? काटं लागतेल की पोटाला."

मी हसते. तीही हसते. मग ती फोनकडं वाकते आणि डोळे बारीक करते.

"हिला माझ्यासारखं गोंदलंय."

गोंदण तिचंच होतं, अप्पा. हनुवटीवरचे तीन टिपके, मधला जरा खाली सरकलेला, कारण गोंदताना ती लहानपणी हलली होती. त्या बाईचा चेहरा मी मायचा फोटो समोर ठेवून केला होता, चौकटी आखून, तुमच्यासारखाच, आणि तिला ते कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती खेळायला लागेल आणि मधेच ओळखेल.

"तुजं काम हाय का ह्ये?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता, शेंग सोलतच.

मी म्हणाले, "न्हाई, माय. दुसऱ्या कुनाचं तरी हाय."

"मग बरं," ती म्हणाली, आणि कोपरानं फोन पालथा केला. मी बॅग बंद केली. रात्री परत निघताना तिनं भाकरी बांधून दिल्या आणि विचारलं की कामून आली होतीस गं, काही काम होतं का. मी म्हणाले, काही नाही, तुला बघायला. आपला गेम मी तिला अजून दाखवलेला नाही.